साठीनंतर एकटीने कोकण किनारा: लाँच, फेरीबोट आणि पायी

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोट टेकली की आधी मोटारसायकली उतरतात, मग गाड्या. त्या गडबडीत पायी माणसाने कुठून चढायचं हे कुणी सांगत नाही. पहिल्या वेळी गाड्यांना वाट द्यायची म्हणून मी उतरणीच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिले. ओहोटी होती. पायाखालच्या काँक्रीटवर हिरवं शेवाळ चकाकत होतं आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. बोटीवरून खलाशी ओरडला, "आजी, कडेला नको, घसराल! गाड्या उतरू देत, मग चाकांच्या पट्ट्यावरून या."

चाकांनी घासून कोरडा, खरखरीत झालेला तो पट्टा मी तेव्हापासून प्रत्येक जेटीवर शोधते. या वयात एकट्याने फिरताना अशाच बारीकसारीक गोष्टी उपयोगी पडतात. त्या एकत्र लिहून ठेवाव्यात म्हणून हा लेख.

मी ६८ वर्षांची आहे. रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि ६४व्या वर्षी पहिल्यांदा एकटी किनाऱ्याने निघाले. गुडघे बरे आहेत, उत्तम नाहीत. रक्तदाबाची गोळी रोज लागते. हे सांगते आहे कारण पुढचं सगळं अशाच शरीराला धरून लिहिलेलं आहे. गिर्यारोहण करणाऱ्या ज्येष्ठांना यातलं बरंच अगदीच सोपं वाटेल.

कोकण किनाराच का

रायगड-रत्नागिरीचा किनारा खाड्यांनी कापलेला आहे. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंतचा तुकडा दोन-चार दिवसांत चालून होतो. खाडी आली की बसायचं, बोटीची वाट बघायची, पलीकडे जायचं. दम घ्यायची सक्तीच असते म्हणा. शिवाय वाटेत गावं आहेत, गावात एस.टी. आहे. आज पाय चालत नाहीत असं वाटलं तर अर्ध्या वाटेवरून बसमध्ये बसता येतं. एकट्या ज्येष्ठ माणसाला याहून मोठी सोय कुठली?

माझी आई हर्णैची. मुंबईला यायची तर आगबोटीने. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. किनाऱ्यावरून पडावात बसून भर पाण्यात जायचं आणि हेलकावणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा. कडेवर मूल आणि डोक्यावर ट्रंक घेऊन बायका हे करत. आगबोटी गेल्या, पण खाड्यांवरच्या तरी म्हणजे पार नेणाऱ्या होड्या, लाँच आणि आता गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटी आहेत. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल आखलेले आहेत. ते सगळे झाले की बोटीत बसायचं कारण उरणार नाही. ज्यांच्या मनात आहे त्यांनी फार वर्षं थांबू नये.

आधी घरी: स्वतःचं अंतर मोजा

निघायच्या सहा आठवडे आधीपासून रोज चाला आणि एका गोष्टीची नोंद ठेवा: पाठीवर तीन किलोची पिशवी घेऊन, सपाट रस्त्यावर, किती अंतर चालल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना त्रास होत नाही? "दुसऱ्या दिवशी सकाळी" हे महत्त्वाचं. त्या दिवशी उत्साहात कितीही चालून होतं. जे अंतर येईल त्याचा अर्धा भाग किनाऱ्यावरचा रोजचा टप्पा समजा. माझं घरचं अंतर १६ किलोमीटर आलं, म्हणून मी आठ-नऊच्या वर टप्पा ठेवत नाही. तुमचं आठ आलं तर चार किलोमीटर चाला. चार किलोमीटरचा किनाराही भरपूर असतो.

अर्धा का? कोकणात सपाट असं थोडंच असतं. खाडीकाठच्या गावातून वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर चढायचं, तिथे सावलीचं झाड नाही, मग जांभ्या दगडाच्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने पुढच्या गावात उतरायचं. चढण दमवते, पण गुडघे उतारावर जातात. जिना उतरायचा सराव वेगळा करा. रोज पाच मजले, कठड्याला हात न लावता पण कठड्याच्या जवळून.

डॉक्टरांकडे जाताना "प्रवासाला जाऊ का?" एवढंच विचारलं तर उत्तर बहुधा "जा, पण जपून" असं मिळतं. नेमके प्रश्न न्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात चालण्याच्या दिवशी ती कधी घ्यायची? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर चालण्याने साखर उतरते, मात्रा बदलायची का? बोट लागू नये म्हणून घेतलेली गोळी चालेल का? हा शेवटचा प्रश्न काचबिंदू असलेल्यांनी आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी जरूर विचारावा. यातल्या काही गोळ्यांनी लघवी अडते, डोळ्यांतला दाब वाढू शकतो आणि झोप येते. झोपेच्या अंमलात जेटीवर उतरणं धोक्याचं.

तिथी बघून तारीख ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ऑक्टोबरचं ऊन आणि मार्चनंतरची घामट हवा टाळा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात, समुद्र खवळलेला असतो आणि पाखाड्यांवर शेवाळ धरतं.

महिना ठरला की तिथी बघा. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून चालायचं तर ओहोटी हवी. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि तिच्यावर पाय रस्त्यासारखा पडतो. भरतीला मात्र कोरड्या, भुसभुशीत, तिरक्या वाळूतून चालावं लागतं. एका किलोमीटरला तीन किलोमीटरचा थकवा येतो आणि घोटे दुखतात.

किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीन-साडेतीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं धरून चाला. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण सड्याखालच्या गावात नेट नसतं आणि तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही असते.

आता उलटा हिशोब करा. आपल्याला सकाळी सात ते दहा चालायचं आहे, म्हणजे ओहोटी साडेआठ ते दहाच्या सुमारास हवी. म्हणजे भरती पहाटे सव्वादोन ते पावणेचारला. म्हणजे तृतीया, चतुर्थी, पंचमी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, फरक नाही. मी लांब पुळणीचा दिवस याच तीन तिथींपैकी एकीवर येईल असा आखते आणि बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे बसवते. अष्टमी-नवमीला सकाळी नेमकी भरती असते. ते दिवस रस्त्याने चालायला किंवा देऊळ-किल्ला बघायला ठेवा.

भरतीचा विसर कुठे महागात पडतो याचं ठळक उदाहरण हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग. डोंगराच्या कड्याखालून, खडकांवरून वाट जाते. ओहोटीला सुंदर, भरतीला लाटा थेट वाटेवर. तिथे माणसं वाहून गेली आहेत. आत शिरण्याआधी देवळाजवळच्या माणसांना विचारा आणि पाणी चढतं आहे म्हणाले तर परत फिरा.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, समुद्र शांत असतो. दुपारी खारा वारा सुटतो आणि पाणी उचलतं. छोटी होडी किंवा लाँच असेल तर सकाळी दहाच्या आत पार व्हा. शिडाच्या होडीने जंजिरा बघायचा असेल तर तोही सकाळीच.

पहिली फेरी: एका दिवसाची

थेट आठ दिवसांना निघू नका. एक दिवसाची रंगीत तालीम करा आणि रात्री आपल्या अंथरुणात या.

मुंबई-ठाण्याच्या माणसांसाठी मांडवा उत्तम. गेटवेहून प्रवासी बोटीने किंवा भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने साधारण तासाभरात मांडव्याला उतरता. गुडघ्याचा त्रास असेल तर पहिल्यांदा रो-रोच घ्या. मोठी असल्याने ती कमी हलते, चढायला रुंद उतरण असते आणि आत प्रसाधनगृह असतं. मांडव्याहून सासवणे, आवास, किहीम अशी चाल. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं शिल्पालय आहे. तिथे थांबा, बसा, बघा. किहीमला सालिम अलींनी १९३०च्या सुमारास सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. तिथल्या सुरूंच्या सावलीत डबा खायचा आणि रिक्षा करून मांडवा किंवा अलिबाग एस.टी. स्टँड गाठायचा. परतीची शेवटची बोट किती वाजता हे सकाळी उतरतानाच तिकीट खिडकीवर विचारून घ्या आणि तिच्या आधीची बोट आपली समजा.

भाऊच्या धक्क्यावरून रेवस आणि मोरा या जुन्या लाँचसेवाही आहेत. तिकडे जायचं तर ओहोटीची वेळ नक्की बघा. दोन्हीकडे गाळ साचलेला असल्याने पाणी उतरलं की लाँच थांबून राहते.

रेवसच्या त्याच मार्गावर १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळी समुद्र, खच्चून भरलेली बोट, आणि लाट आत आल्यावर घाबरून एका बाजूला धावलेली माणसं. भीती घालण्यासाठी सांगत नाही. यातून आपल्या हातातल्या दोन गोष्टी शिकता येतात: गच्च भरलेली बोट सोडून द्यायची, आणि बोट कलली तर जागचं उठायचं नाही.

बोटीत चढणं आणि उतरणं

प्रवासात पडायची सर्वांत जास्त शक्यता चालताना नसते. ती धक्का आणि बोट यांच्यामधल्या दीड हाताच्या फटीत असते.

लाँचला चढताना बोट वरखाली होते. ती वर येऊन क्षणभर थांबते, तेव्हा पाय टाकायचा. एक-दोन हेलकावे नुसते बघा, ताल कळतो. मागचे लोक घाई करतील, करू द्या. हात खलाशाच्या मनगटाला द्या, पंज्याला नको. तो तुमचं मनगट धरेल आणि तुम्ही त्याचं, म्हणजे घामाने सुटत नाही. "दादा, मला वेळ लागतो, हात द्या" हे आधीच सांगायचं. मला आजवर एकाही खलाशाने नाही म्हटलेलं नाही. काठी आणि पिशवी आधी त्याच्या हाती द्या. दोन्ही हात मोकळे हवेत.

होडी असेल तर पाऊल कडेवर नको, मधोमध, आणि पडलं की लगेच खाली बसा. उभं राहून बसायची जागा शोधू नका. पिशवीचा छातीवरचा पट्टा बोटीत सोडून ठेवा, पाण्यात पडायची वेळ आली तर पिशवी झटकन निघाली पाहिजे. लाइफ जॅकेट दिसलं की ते मागा आणि घाला. फक्त तुम्हीच घातलं तरी चालेल.

फेरीबोटीचं सुरुवातीला सांगितलंच: गाड्या आधी, मग चाकांच्या पट्ट्यावरून आपण. उतरताना मात्र गाड्या सुरू व्हायच्या आधी खलाशाला सांगून पुढे येऊन थांबा. गाड्यांच्या मधून वाट काढत जाऊ नका, चालकाला आपण दिसत नाही.

पिशवी

वजनकाट्यावर ठेवून बघा. पाण्यासकट चार किलोच्या आत. दोन जोड कपडे, एक पांघरूण, टॉवेलऐवजी पंचा. औषधं दोन ठिकाणी वाटून, कारण एक पिशवी भिजली तर दुसरी राहते. चष्म्याची जुनी जोडी. बॅटरी. रबरी टोकाची काठी. शिट्टी, गळ्यात. एक प्लास्टिकची जाड पिशवी, बोटीत सगळं सामान तिच्यात. सुटे पैसे भरपूर, कारण एटीएम गावोगावी नाही आणि क्यूआर असला तरी रेंज असेलच असं नाही.

बूट नवे नकोत. मोजे मात्र नवे आणि तीन जोड. पायाची नखं चार दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नको. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे आरशात बघायचे. फोड आला हे तुम्हाला दुखून कळणार नाही, बघूनच कळेल.

आणि सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून झटका. अंथरूण, पंचा, सगळंच. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश थेट हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून उपचाराची पद्धत घालून दिली आणि पूर्वी दगावणारे कितीतरी रुग्ण वाचू लागले. म्हणून विंचू चावला तर मांत्रिक, झाडपाला यांत वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं. घाम फुटून अंग थंड पडू लागलं तर एक मिनिटही थांबू नये.

मुक्काम

किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत घरगुती राहण्या-जेवण्याची सोय असते. शनिवार-रविवार टाळा, सोमवार ते गुरुवार खोल्या मोकळ्या असतात आणि घरच्यांना बोलायला वेळ असतो. फोन करताना तीन गोष्टी आधीच सांगा: मी एकटी आहे, माझं वय अमुक, आणि मला तळमजल्याची खोली हवी, कमोड असेल तर उत्तम.

एकटी आहे हे लपवू नका. एका गावात मी न सांगता गेले आणि संध्याकाळी सहाला दारात उत्तर मिळालं, "एकट्या माणसाला आम्ही खोली देत नाही." एकटं म्हातारं माणूस, रात्री काही झालं तर जबाबदारी कुणाची, ही त्यांची भीती. अंधार पडत होता, पाय दुखत होते आणि मला रडू आलं. शेजारच्या घरातल्या वहिनींनी बोलावलं, ओटीवर बसवलं, चहा दिला आणि आपल्या ओळखीच्या घरी फोन लावून जागा करून दिली. त्यानंतर मी फोनवर स्पष्ट बोलते, मुलाचा नंबरही देते आणि आधार कार्डाची प्रत स्वतःहून पुढे करते. नकार यायचा असेल तर तो फोनवरच येऊ दे.

गावात पोहोचल्यावर पोलीस पाटलांचा नंबर मागून ठेवा. रात्री गाडी हवी असेल, दवाखान्यात जायचं असेल, तर गावातल्या गावात सर्वांत लवकर तेच हलू शकतात. बाकी नंबर कागदावर लिहून ठेवा: १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १५५४ समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दल, १४५६७ ज्येष्ठ नागरिकांसाठी. आपलं नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा फोन मराठीत लिहून ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून वरच्या खिशात. फोन कुलूपबंद असतो, चिठ्ठी नसते.

घरच्यांशी दिवसाला दोन निरोप ठरवा. सकाळी "निघाले, आज अमुक ते अमुक". संध्याकाळी "पोहोचले". रात्री आठपर्यंत दुसरा निरोप आला नाही तर मुलाने आधी मुक्कामाच्या घरी फोन करायचा, मग पोलीस पाटलांना. हे लिहून दिलं की त्यांचे दिवसभराचे दहा फोन थांबतात आणि आपल्याला चालता येतं.

चालण्याचा दिवस

पावणेसातला निघा, साडेदहाला सावलीत. दुपारी जेवून झोप. चारनंतर वाटलं तर तासभर गावात.

माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी बोट उशिरा मिळाली आणि मी अकराला सड्यावर चढले. ऊन्ह जांभ्यावरून वर येतं, डोक्यावरचा रुमाल त्याला काय करणार? अर्ध्या तासात घाम यायचा थांबला आणि कानात घूं घूं सुरू झालं. आयुष्यभर दुसऱ्यांना सलाइन लावलेल्या मला ही लक्षणं ओळखायला हवी होती, पण एकटीच्या नादात पुढचं वळण, पुढचं वळण करत राहिले. एका मांगरापाशी गुरं बांधणाऱ्या काकांनी बसवलं, अंगावर पाणी शिंपडलं आणि मीठ घातलेलं कोकम सरबत दिलं. तेव्हापासून नियम: घाम थांबला, डोकं दुखलं किंवा पायात गोळे आले की पहिल्या सावलीत बसायचं, आणि त्या दिवशी पुढे एस.टी.

पाणी कमी पिण्याचं एक कारण आपण बायका उघड बोलत नाही. वाटेत लघवीला कुठे जायचं? म्हणून पाणीच प्यायचं नाही. उन्हात हा हिशोब जिवावर येतो. सरळ घराच्या अंगणात उभं राहून विचारा, "ताई, जरा आत जाऊन येऊ का?" या वयाच्या बाईला कुणी नाही म्हणत नाही. देवळं, शाळा आणि एस.टी. स्टँड यांची जागा सकाळीच विचारून ठेवा.

पुळणीवर चालताना ओढा किंवा खाडीचं तोंड आडवं आलं तर पाणी घोट्याएवढं दिसलं तरी एकट्याने उतरू नका. खालचा गाळ पाय धरून ठेवतो आणि भरती लागली की पाणी बघता बघता मांडीला येतं. वर गावात साकव किंवा पूल असतोच. कुत्री अंगावर आली तर धावायचं नाही, काठी जमिनीला टेकवून उभं राहायचं.

एस.टी.त ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५च्या पुढे प्रवास मोफत, आणि बायकांना कोणत्याही वयात अर्धं. आधार कार्ड हाताशी ठेवा.

पाच दिवस: दाभोळ ते गणपतीपुळे

मी सर्वांत जास्त वेळा केलेला आणि पहिल्या मोठ्या फेरीला सुचवेन असा हा तुकडा. यात दोन फेरीबोटी येतात. तृतीया-पंचमीपैकी एक तिथी दुसऱ्या दिवशी येईल असं निघा.

आदल्या दिवशी रेल्वेने खेड आणि तिथून एस.टी.ने दापोली. तिथे मुक्काम. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आणि औषधांची दुकानं आहेत, काही राहिलं असेल तर इथे घ्या.

पहिला दिवस: सकाळच्या एस.टी.ने दाभोळ. चंडिकेचं देऊळ गुहेसारखं आहे, आत तेलाच्या समयांचाच उजेड. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पाच मिनिटं दाराशीच थांबा. आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि पायरी चुकते. मग जुनी शाही मशीद बघून धक्क्यावर. वाशिष्ठी पार करून दहा-पंधरा मिनिटांत धोपावे. तिथून गुहागरची वाट सड्यावरून जाते, तिचा चढ रिक्षाने घ्या. अंजनवेलला गोपाळगड बघायचा आणि पुन्हा गाडीने गुहागर. आज चाल थोडीच, अंग रुळू द्यायचं.

दुसरा दिवस पुळणीचा. गुहागरची पुळण सुमारे सहा किलोमीटर, सरळ आणि मोकळी. व्याडेश्वराला हात जोडून सातला वाळूवर उतरा आणि असगोलीच्या दिशेने चाला. डावीकडे सुरू आणि माडांची आगरं, उजवीकडे पाणी. ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी असते, अगदी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या, भोकाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. मी एकदा अर्धा तास तिथेच उकिडवी बसून बघत होते. पाणी आलं की सगळं पुसलं जातं, पुन्हा ओहोटीला नव्याने मांडलं जातं. पुळण समुद्राकडे उतरती असल्याने एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. दर अर्ध्या तासाला मागे वळून थोडं उलट चाला, कमरेला आराम मिळतो. दुपारी परत गुहागर.

तिसरा दिवस: पालशेतपर्यंत एस.टी., तिथून जमेल तेवढं पायी. अडूर, कोंडकारूळ करत वेळणेश्वर. चढउतार आहेत. सगळं अंतर पायी करायचा हट्ट नको. कोंडकारूळच्या आसपास समुद्र वरून दिसतो, तेवढा भाग चाला आणि बाकी रिक्षा.

चौथा दिवस: वेळणेश्वर ते हेदवी, सात-आठ किलोमीटर. दशभुजा गणपती आणि किनाऱ्यावरची बामणघळ. घळीत भरतीच्या वेळी लाट शिरते आणि पाणी कारंज्यासारखं उडतं. म्हणजे ती बघायला भरती हवी, पण उभं राहायचं ते लांब, कोरड्या खडकावर. काळा ओला खडक दिसला की तिथपर्यंत लाट येते असं समजा.

पाचवा दिवस: हेदवीहून नरवण, रोहिले करत तवसाळ. ही वाट लांब आहे, सकाळची एस.टी. घ्या आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर पायी उतरा. तवसाळच्या जेटीवर शास्त्री नदीची खाडी समोर पसरलेली आणि पलीकडे जयगड. बोटीची वाट बघताना इथे गर्दी नसते, कट्ट्यावर बूट काढून पाय वर घेऊन बसा. जयगडला उतरल्यावर किल्ला पाहून घ्या, पण तिथून पुढचा रस्ता चालू नका. बंदराची अवजड वाहतूक त्या रस्त्याने जाते. एस.टी.ने मालगुंड, केशवसुतांच्या जन्मघराशी उतरा आणि तिथून गणपतीपुळ्यापर्यंतची दोनेक किलोमीटरची चाल संध्याकाळच्या उन्हात करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीची एस.टी. रेल्वे दुपारची घ्या, म्हणजे घाई होत नाही. बस आरे-वारेवरून जाणारी आहे का हे वाहकाला विचारा, आणि असली तर उजव्या बाजूची खिडकी पकडा.